युद्धाच्या कपाटात दुसरं पुस्तकही ठेवा : ग्रंथनिवड समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथनिवड समित्यांचे सर्व सदस्य

विषय : युद्ध आणि राजकीय संघर्षांवरच्या इतिहासपुस्तकांची खरेदी

सप्रेम नमस्कार.

जगात कुठेही युद्ध पेटलं की आठवडाभरात ग्रंथालयाच्या देवघेव टेबलाशी एक प्रश्न हमखास येतो : हे नेमकं सुरू कुठून झालं, यावर एखादं चांगलं पुस्तक आहे का? विचारणारा बहुधा अभ्यासक नसतो. टीव्हीवरच्या चर्चेने त्याचं समाधान झालेलं नसतं, फोनवर फिरत आलेल्या मजकुरावर विश्वास बसलेला नसतो, म्हणून तो पुस्तकाकडे वळलेला असतो. त्याच्या हाती काय पडतं हे तुमच्या बैठकीत ठरतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

युद्धाचं कपाट बहुतेक ग्रंथालयांत असतं. सेनापतींची चरित्रं, रणगाड्यांची आणि विमानांची सचित्र पुस्तकं, हेरगिरीच्या कहाण्या, हिटलरवर बरंच काही. या पुस्तकांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. कित्येकांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण एका युद्धाला एक पुस्तक देतो आणि विषय झाला असं समजतो. माझी मागणी एवढीच, की कोणत्याही युद्धावर एकच पुस्तक घेऊन थांबू नका. दुसरं घ्या, आणि ते पहिल्याशी वाद घालणारं असू द्या.

असं का म्हणतो, ते पहिल्या महायुद्धाच्या उदाहरणावरून सांगतो. बार्बरा टकमन यांचं ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ १९६२ साली आलं. युद्धाचा पहिला महिनाच त्यात आहे, पण तो दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने सांगितलेला आहे. मे १९१० मध्ये ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच्या अंत्ययात्रेत नऊ राजे घोड्यावरून चालले आहेत, इथून पुस्तक सुरू होतं आणि वाचकाला सोडत नाही. टकमन विद्यापीठातल्या प्राध्यापक नव्हत्या. कागदपत्रं खोदायची आणि ती गोष्टीसारखी वाचली जातील अशी मांडायची, हे त्यांचं बळ. ऑगस्ट १९१४ मध्ये भूमध्य समुद्रात जर्मन युद्धनौका ‘ग्योबेन’चा पाठलाग चालू असताना जवळून जाणाऱ्या एका लहान प्रवासी बोटीवर अमेरिकन राजदूताची मुलगी, जावई आणि तीन नातवंडं होती, असा उल्लेख त्या करतात. त्या नातवंडांपैकी एक आपणच होतो, हे मात्र सांगत नाहीत. जर्मन सैन्याने बेल्जियमच्या लूव्हाँ शहरात ऑगस्टच्या अखेरीस विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं, दोन लाखांहून अधिक ग्रंथांची राख झाली, तो भाग तर ग्रंथालयाशी नातं असलेल्या कोणालाही स्वस्थपणे वाचता येणार नाही.

हे पुस्तक अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडींनी वाचलं होतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर होतं, त्या दिवसांत ते या पुस्तकाबद्दल बोलत होते, असं त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी ‘थर्टीन डेज’मध्ये लिहून ठेवलं आहे. उद्या कोणी ऑक्टोबरवर असंच पुस्तक लिहावं, अशी वेळ केनेडींना येऊ द्यायची नव्हती.

इतकं चांगलं पुस्तक कपाटात असताना दुसरं कशाला? कारण ऑस्ट्रिया-हंगेरी आणि सर्बिया यांची आघाडी टकमन यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवली आहे, आणि तसं त्या स्वतःच सांगतात. ज्या कोपऱ्यात ठिणगी पडली, तोच कोपरा त्यात अंधारात राहतो. ख्रिस्तोफर क्लार्क यांचं ‘द स्लीपवॉकर्स’ (२०१२) नेमकं तिथूनच सुरू होतं. जून १९०३, बेलग्रेडचा राजवाडा, रात्रीच्या वेळी आत घुसलेले सर्बियन लष्करी अधिकारी, आणि राजा अलेक्झांडर व राणी द्रागा यांची हत्या. त्या कटातला एक तरुण अधिकारी, द्रागुतिन दिमित्रिएविच, अकरा वर्षांनी सारायेवोत झालेल्या ऑस्ट्रियन युवराजाच्या हत्येमागे, म्हणजे ज्या हत्येने महायुद्धाची ठिणगी पडली तिच्यामागे, पुन्हा दिसतो. क्लार्क यांच्या पुस्तकात एकटी जर्मनी गुन्हेगार नाही. बेलग्रेड, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस, लंडन अशा सगळ्या राजधान्यांत माणसं अर्धवट माहितीवर निर्णय घेत होती आणि समोरच्याच्या मनात काय आहे याचे चुकीचे अंदाज बांधत होती. जर्मनीत हे पुस्तक प्रचंड खपलं, आणि यात जर्मनीला फार सहज सोडून दिलं आहे अशी टीकाही झाली. त्या टीकेला आधार आहे. फ्रित्स फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ सालीच जर्मन सरकारच्या दप्तरातून ९ सप्टेंबर १९१४ ची युद्धोद्दिष्टांची टिपणी पुढे आणली होती आणि स्वतःच्या देशात मोठं वादळ ओढवून घेतलं होतं.

आता वाचकाच्या जागी बसून पाहा. टकमन वाचून तो उठला तर त्याच्या मनात बेल्जियमवर चालून जाणारं जर्मन सैन्य असेल. नुसते क्लार्क वाचून उठला तर झोपेत चालणारे मुत्सद्दी असतील. दोन्ही वाचले, तर त्याला कळेल की गोष्ट कोणत्या सालापासून सुरू करायची हे ठरवतानाच दोष कोणाच्या पदरात पडणार हे निम्मं ठरून जातं. ही समज एकदा आली, की उद्याच्या बातमीतला ‘सुरुवात त्यांनी केली’ हा दावाही तो वेगळ्या कानाने ऐकतो.

पॅलेस्टाईन आणि इस्रायलच्या संघर्षाइतकं हे कुठेच लागू पडत नाही. या विषयावर एकच पुस्तक ठेवणारं ग्रंथालय, ते पुस्तक कितीही चांगलं असलं तरी, वाचकाला एका बाजूला उभं करतं. रशीद खालिदी यांचं ‘द हंड्रेड इयर्स वॉर ऑन पॅलेस्टाईन’ (२०२०) एका पत्रापासून सुरू होतं. खालिदींचे एक पूर्वज युसुफ दिया यांनी १८९९ मध्ये ज्यू राष्ट्राच्या चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांच्यापर्यंत पोचवलेलं ते पत्र. ज्यूंच्या दुःखाबद्दल त्यात आदर आहे, आणि तरीही पॅलेस्टाईनला त्याच्या वाटेने जाऊ द्या अशी कळकळीची विनंती आहे. त्याच्या शेजारी बेनी मॉरिस यांचं ‘१९४८’ (२००८) हवं. मॉरिस इस्रायली आहेत. इस्रायलची सरकारी दप्तरं खुली होऊ लागल्यावर त्यांतून सुमारे सात लाख पॅलेस्टिनी कसे बेघर झाले हे ज्यांनी गावागणिक शोधून काढलं, त्यांत ते पहिल्या फळीतले. मात्र १९४८ चं युद्ध ते नवजात राज्याच्या अस्तित्वाच्या भीतीतूनही पाहतात. या दोघांचं एकमेकांशी पटणार नाही. पण कागद दोघांनीही वाचले आहेत, आणि म्हणून त्यांचा वाद वाचण्याजोगा आहे. मराठीत वि. ग. कानिटकरांनी ‘इस्रायल : युद्ध, युद्ध आणि युद्धच’ लिहून हा विषय केव्हाच घराघरांत नेला. ते पुस्तक तुमच्याकडे बहुधा असेलच. ते राहू द्या, आणि त्याच्या बाजूला ही जोडी ठेवा.

कानिटकरांचं नाव निघालं म्हणून सांगतो, त्यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना त्या काळाची ओळख करून दिली. लोकप्रिय इतिहास कसा लिहावा याचा तो आपल्या भाषेतला उत्तम नमुना आहे. पण त्यानंतर, विशेषतः सोव्हिएत संघ कोसळल्यावर, पूर्व युरोपातली दप्तरं उघडली आणि नाझी काळाबद्दलची माहिती खूप पुढे गेली. रिचर्ड इव्हान्स यांची तीन खंडांची मालिका (२००३ ते २००८) त्यासाठी घ्यावी. तिमथी स्नायडर यांचं ‘ब्लडलँड्स’ (२०१०) त्याहून वेगळं आहे. हिटलर आणि स्टालिन यांच्या मधल्या पट्ट्यात १९३३ ते १९४५ या काळात जाणूनबुजून मारल्या गेलेल्या सुमारे १ कोटी ४० लाख माणसांचा तो हिशेब आहे. दोन राजवटी शेजारी ठेवून पाहणं योग्य की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. ते मतभेदही वाचकापर्यंत पोचू द्यावेत.

दुसरं पुस्तक नेहमी शत्रूच्याच बाजूचं असावं, असं मी म्हणत नाही. कधी ते सेनापतीच्या नकाशाला सैनिकाने दिलेलं उत्तर असतं. अँटनी बीव्हर यांचं ‘स्टालिनग्राड’ (१९९८) सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते उत्तम आहे. शरण आलेल्या जर्मन बाजूच्या सुमारे ९१ हजार सैनिकांपैकी पाच-सहा हजारच पुढे घरी परतले, हा आकडा त्यात नुसता आकडा राहत नाही, कारण त्यातल्या कित्येकांची पत्रं आपण आधीच्या पानांवर वाचलेली असतात. पण त्याच आघाडीवर सोव्हिएत सैन्यात लाखो स्त्रियाही होत्या. त्यांना स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी गाठलं आणि बोलतं केलं. ‘युद्धाचा चेहरा स्त्रीचा नाही’ अशा अर्थाचं नाव असलेलं ते पुस्तक १९८५ मध्ये काटछाट होऊन प्रसिद्ध झालं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी सेन्सॉरने काय गाळलं होतं तेही छापलं, आणि सेन्सॉरशी झालेला संवादही. घ्यायची ती ही आवृत्ती. मापाला न बसणारे पुरुषी बूट आणि पुरुषांचेच आतले कपडे घालून लढलेल्या मुली त्यात आहेत. युद्ध संपल्यावर आपण आघाडीवर होतो हे लपवणाऱ्या बायका आहेत, कारण शेजारणी त्यांच्या चारित्र्याबद्दल वाटेल ते बोलत. विजयाच्या इतिहासात या गोष्टीला जागाच नव्हती. साक्षींचं संपादन अलेक्सिएविच फार मोकळेपणाने करतात असा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो गंभीर आहे. तरीही हे पुस्तक घ्याच.

जॉन कीगन यांचं ‘द फेस ऑफ बॅटल’ (१९७६) जे घेतील, त्यांना युद्धावरची बाकी सगळी पुस्तकं वेगळ्या नजरेने वाचता येतील. ब्रिटनच्या सँडहर्स्ट लष्करी महाविद्यालयात शिकवणारा हा माणूस आपण कधी लढाईत नव्हतो हे पहिल्याच ओळीत सांगतो, आणि मग लढाई आतून कशी असते हे शोधत जातो. अ‍ॅजिनकोर्ट, वॉटर्लू आणि सोम या तीन लढाया त्याने घेतल्या आहेत. १ जुलै १९१६ या एका दिवशी सोमला ब्रिटिशांचे १९ हजारांहून अधिक सैनिक का मेले? आठवडाभर तोफा डागूनही काटेरी तारा तुटल्या का नाहीत? जखमी माणूस दोन खंदकांच्या मधल्या जमिनीत किती वेळ पडून राहत असे? असे प्रश्न तो विचारतो. शौर्याची वर्णनं करणाऱ्या पुस्तकांत हे प्रश्न सहसा येत नाहीत.

आणि भूक. युद्धात माणसं गोळीने मरतात असंच आपल्या मनात असतं. लिझी कॉलिंगहॅम यांचं ‘द टेस्ट ऑफ वॉर’ (२०११) दाखवून देतं, की दुसऱ्या महायुद्धात उपासमारीने आणि तिच्यामुळे आलेल्या आजारांनी किमान २ कोटी माणसं गेली, म्हणजे लढताना मेलेल्या सैनिकांइतकीच. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं दगावली, तेही याच युद्धात. चर्चिल यांच्या युद्धनेतृत्वावर मॅक्स हेस्टिंग्ज यांचं ‘फायनेस्ट इयर्स’ (२००९) घेतलं असेल, तर मधुश्री मुखर्जी यांचं ‘चर्चिल्स सीक्रेट वॉर’ (२०१०) त्याच्याशेजारी असायलाच हवं. जहाजं कोणाच्या हुकुमाने कुठे गेली आणि धान्य कुठे पोचलं नाही, हा हिशेब त्यात आहे. चर्चिलवर ठेवलेला ठपका सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही. पण प्रश्न टाळून चर्चिल पूर्ण कळणार नाहीत.

व्हिएतनामसाठी नील शीहन यांचं ‘अ ब्राइट शायनिंग लाय’ (१९८८). सोळा वर्षं खपून लिहिलेलं हे पुस्तक जॉन पॉल व्हॅन या एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या आयुष्यातून सगळं युद्ध सांगतं. जानेवारी १९६३ मधली आप बाकची लढाई त्यात आहे. साडेतीनशेच्या आसपास गनिमांनी त्या दिवशी पाच हेलिकॉप्टरं पाडली, आणि तरी वरिष्ठांनी तो विजय म्हणून कळवला. जोडीला त्रुओंग न्यू तांग यांचं ‘अ व्हिएतकाँग मेम्वार’ (१९८५). हे गृहस्थ त्या गनिमी चळवळीच्या संस्थापकांपैकी. जिंकल्यावर मोहभंग झाला आणि १९७८ मध्ये बोटीतून देश सोडून गेले. हरलेल्याचं आणि जिंकलेल्याचं, दोन्ही दुःख शेजारी ठेवण्याची अशी संधी क्वचित मिळते.

रणांगण नसलेल्या संघर्षांची पुस्तकं आपल्याकडे फारशी घेतली जात नाहीत. पॅट्रिक रॅडन कीफ यांचं ‘से नथिंग’ (२०१८) उत्तर आयर्लंडबद्दल आहे. डिसेंबर १९७२ मध्ये बेलफास्टमधून जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या विधवा आईला घरातून उचलून नेलं. २००३ मध्ये एका समुद्रकिनाऱ्यावर सांगाडा सापडला, तेव्हा मुलांनी तिला ओळखलं ते कपड्याला लावलेल्या निळ्या सेफ्टी पिनेवरून. लहानग्यांच्या लंगोटांसाठी ती पिन ती नेहमी जवळ ठेवायची. रहस्यकथेसारखं वाचलं जाणारं हे पुस्तक एका अवघड प्रश्नापाशी येतं : शांतता करार झाल्यावर जुन्या खुनांचं काय करायचं? याच्या जोडीला ‘लॉस्ट लाइव्ह्ज’ (१९९९) मिळालं तर संदर्भ विभागात ठेवा. त्या संघर्षात मेलेल्या ३,६०० हून अधिक माणसांची, प्रत्येकाची, त्यात नोंद आहे. पोलीस, बॉम्ब ठेवणारा, दुकानात उभी असलेली बाई, सगळे एकाच क्रमात, तारखेनुसार.

जोडीने वाचण्याची ही रीत परकी समजू नका. ‘भाऊसाहेबांची बखर’ आपल्या बाजूने पानिपत सांगते, आणि काशिराजाचा वृत्तान्त शुजाउद्दौल्याच्या छावणीतून, म्हणजे पलीकडून. त्र्यं. शं. शेजवलकरांसारखा इतिहासकार दोन्हींकडे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. पण कित्येक कपाटांत पानिपत म्हणजे कादंबरी. विश्वास पाटलांची कादंबरी मोठीच आहे, ती जरूर ठेवा. मात्र इतिहासाच्या फळीवर ठेवू नका, आणि शेजवलकरांना संदर्भ विभागाच्या कुलपात बंद करू नका. मोठी झालेली मुलंही कादंबरीतला संवाद खरा घडलेला समजून सांगतात, तेव्हा दोष मुलांचा नसतो. तसंच गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या, झांशीची लूट डोळ्यांनी पाहिलेल्या एका भिक्षुकाची ही हकीकत. तलवार हाती न घेतलेल्या माणसाने युद्ध कसं पाहिलं, हे सांगणारं इतकं जिवंत पुस्तक आपल्या भाषेत आहे, आणि ते युद्धाच्या कपाटात मात्र नसतं.

निवड करताना पुस्तक मागून उघडा, ही माझी कळकळीची सूचना. टिपा आहेत का? संवाद कुठून आला ते लेखक सांगतो का? मग शब्दसूचीत ‘अन्न’, ‘कैदी’, ‘निर्वासित’, ‘रोगराई’ हे शब्द शोधा. चारशे पानांच्या युद्धाच्या पुस्तकात यांतला एकही नसेल, तर ते कोणत्या जातीचं पुस्तक आहे ते कळलं. अनुवादांच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. मूळ पुस्तकातल्या टिपा, नकाशे आणि सूची मराठीत येताना पुष्कळदा गळतात. ज्या प्रकाशकांनी ते सगळं ठेवलं आहे त्यांची पुस्तकं आधी घ्या, आणि इतरांना का घेतली नाहीत ते कळवा. ग्रंथालयांनी मागितल्याशिवाय हे बदलणार नाही.

एका पुस्तकावरून सभासद हरकत घेतील, याची मला कल्पना आहे. घेऊ द्या. हरकत आली म्हणून पुस्तक काढू नका. हरकत घेणाऱ्याला त्याच्या मताचं, पण नीट लिहिलेलं, टिपा-सूचीसह असलेलं पुस्तक सुचवायला सांगा आणि तेही विकत घ्या. नकार द्यायचा तो पुराव्याशिवाय लिहिणाऱ्याला. मग तो कोणत्याही बाजूचा असो, आपल्याही.

सगळं एकदम घेणं जमणार नाही, हे समजतं. पहिल्या खेपेला तीनच जोड्या घ्या : टकमन आणि क्लार्क, बीव्हर आणि अलेक्सिएविच, खालिदी आणि मॉरिस. नव्या वाचकासाठी जॉन हर्सी यांचं छोटंसं ‘हिरोशिमा’ हवंच. ऑगस्ट १९४६ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने संपूर्ण अंक या एका लेखाला दिला होता. त्या बॉम्बमधून जिवंत राहिलेल्या सहा माणसांची ती हकीकत दोन बैठकांत वाचून होते, आणि अणुबॉम्बबद्दल बोलण्याची माणसाची रीत बदलते. ज्याला तो बॉम्ब कसा घडला हे हवं असेल त्याच्यासाठी रिचर्ड ऱ्होड्स यांचं ‘द मेकिंग ऑफ द अ‍ॅटॉमिक बॉम्ब’ (१९८६) दुसऱ्या खेपेला.

शेवटची विनंती अगदी साधी आहे. या प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत, देवघेवीची तारीख मारायच्या कागदाच्या वर, एक चिठ्ठी चिकटवा : ‘हाच विषय वेगळ्या बाजूने मांडणारं पुस्तक आपल्याकडे आहे’, आणि खाली त्याचं नाव व दाखल क्रमांक. चिठ्ठ्या लिहायला माणूस लागला तर मला बोलवा, मी येईन.

आपला,
एक सभासद वाचक